फौजदार आणि तीन फुटांची टाकी

दिवाळीनंतरच्या एका सकाळी मी स्वयंपाकघरात असताना सासूबाईंनी मला बाहेरच्या खोलीत बोलावून घेतले आणि काही न बोलता माशांच्या टाकीच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तेथे हीटरची नळी आणि काच यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत आमचा मोठा एंजल मासा तोंड वर करून तिरका उभा होता. त्याच्या शेपटीचा खालचा अर्धा भाग नाहीसा झाला होता, पोटाखालच्या दोन लांब दोऱ्यांसारख्या परांपैकी एक मुळाशी तुटला होता आणि डाव्या कुशीवरचे काही खवले गेल्यामुळे तेथे फिकट गुलाबी ठिपका दिसत होता. टाकीच्या मधोमध, काही घडलेच नाही अशा थाटात, आमचा पट्टेरी झेब्रा मासा गस्त घालत होता. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "तुझ्या फौजदाराने रात्री लाठीमार केलेला दिसतो."

ही टाकी मुळात माझी नव्हे. आमचे चिरंजीव शिक्षणासाठी इंदूरहून पुण्याला गेले आणि जाताना तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी ही टाकी, त्यातील सगळ्या प्रजेसह, माझ्या गळ्यात घालून गेले. गणिताने तिच्यात सुमारे 127 लिटर पाणी मावायला हवे. पण तळाची खडी आणि वरची रिकामी जागा वजा केली की प्रत्यक्षात शंभर-एकशेपाच लिटरच भरते. प्रजेत दोन एंजल, तीन गोरामी, सहा काळ्या विडो टेट्रा, तळाला चिकटून राहणारा एक सकर आणि मुलाने जाण्याच्या महिनाभर आधी आणलेला, तेव्हा जेमतेम दीड इंचाचा असलेला हा झेब्रा. दुकानात या सगळ्यांना एकाच घरात नांदवता येईल असे सांगण्यात आले होते. मी हिशेबनीस आहे. ताळेबंद जुळतो की नाही हे पाहण्यात माझे आयुष्य गेले आहे, परंतु या टाकीचा ताळेबंद मी कधी पाहिलाच नव्हता.

दुकानदार ज्याला झेब्रा म्हणतात तो मासा म्हणजे कॉन्व्हिक्ट सिक्लिड. करड्या-निळसर अंगावर आठ-नऊ काळे उभे पट्टे असतात, आणि जुन्या काळच्या कैद्यांच्या पट्टेरी कपड्यांवरून त्याला इंग्रजीत हे कैद्याचे नाव मिळाले. कैद्याला आमच्या घरात फौजदार म्हटले गेले, हा योगायोग मला पुष्कळ उशिरा कळला. हा मासा मध्य अमेरिकेतला, तेथील नद्या-ओढ्यांमधला. दगडांच्या कपारीत राहणारा, अंडी कपारीत घालणारा आणि नर-मादी दोघे मिळून पिले सांभाळणारा. नर पुरा वाढला की चार इंचांच्या पुढे जातो, मादी त्याहून लहान राहते. गंमत म्हणजे आमचा एंजलसुद्धा याच सिक्लिड कुळातला, अमेझॉनच्या खोऱ्यातला. म्हणजे टाकीत जे चालले होते ती एका अर्थी भाऊबंदकीच होती.

भांडखोर माशाचे काय करावे, यावर मिळणारे सल्ले ऐकले तर असे वाटते की हा प्रश्न प्रत्येक घरात सुटलेला आहे आणि फक्त आपल्याच घरात अडला आहे. पहिला सल्ला असा मिळाला की मासा उपाशी आहे म्हणून चावतो, त्याला भरपूर खायला घाला. मी दिवसातून दोनऐवजी चार वेळा दाणे टाकू लागले. चौथ्या दिवशी पाणी दुधासारखे गढूळ झाले, खडीत न खाल्लेले दाणे कुजू लागले आणि फौजदाराच्या अंगात मात्र आणखी बळ आले. या उपायाबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

दुसरा उपाय कैदेचा होता आणि तो मुळात चुकीचा नाही. भांडखोर माशाला आठवडाभर वेगळे ठेवायचे, तेवढ्यात बाकीचे मासे त्याच्या जागेत स्थिरावतात, आणि परत आल्यावर तो नवखा ठरून जरा दबून वागतो, अशी यामागची विचारसरणी आहे. मी त्याला पंधरा लिटरच्या टबात, एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावून आठ दिवस ठेवले. ते आठ दिवस टाकीत खरोखर शांतता होती. एंजल हीटरच्या फटीतून बाहेर आला, गोरामी पृष्ठभागावर येऊन आपले बुडबुड्यांचे काहीतरी करू लागले. नवव्या दिवशी मी फौजदाराला परत सोडले. मी घड्याळ लावून पाहत बसले होते म्हणून सांगते, पहिली वीस मिनिटे तो एका दगडाआड निपचित राहिला, मग तळाजवळून एक पूर्ण फेरी मारली आणि दोन तासांच्या आत त्याची जुनी हद्द त्याच्या ताब्यात होती. हा उपाय फसला त्याचे कारण माझ्या तेव्हा लक्षात आले नाही. टाकीतील प्रत्येक दगड, प्रत्येक झाड मी जेथल्या तेथे ठेवले होते, म्हणजे परत येणाऱ्याला त्याचे घर कुलूप उघडून दिल्यासारखे होते. आणि त्याच्या गैरहजेरीत जागा धरून बसणारा एकही मासा माझ्याकडे नव्हता. टेट्रा थव्याने फिरणाऱ्या, गोरामी भित्रे, एंजल वरच्या पाण्यात राहणारा. तळाच्या जागेवर हक्क सांगणारा सकरसुद्धा नव्हता, तो आपला काचेला चिकटलेला.

मग मी टाकीची मांडणीच बदलली. दगड हलवले, लाकडाचा ओंडका डावीकडून उजवीकडे नेला, आणि गेल्या हिवाळ्यात चहाबरोबर घरी आलेले एक मातीचे कुल्हड धुऊन, दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवून, टाकीत आडवे ठेवले, की निदान पळणाऱ्याला लपायला एक जागा होईल. दिवा रात्रभर बंद ठेवला. ओळखीच्या खुणा नाहीशा झाल्या की हद्दीही पुसल्या जातात आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, हे खरे आहे. तीन दिवस टाकीत कोणाचेच कोणाशी काही नव्हते. चौथ्या दिवशी ते कुल्हड फौजदाराने घेतले. ज्याच्यासाठी निवारा केला तो पुन्हा हीटरमागे, आणि ज्याच्यापासून वाचायचे तो निवाऱ्याच्या दारात.

यानंतर माझ्या हातून जी चूक झाली ती या सगळ्यात मोठी होती. एका दुकानात मी ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा तेथील गृहस्थ अनुभवी माणसाच्या स्वरात म्हणाले की तो एकटा आहे म्हणून चिडतो, जोडी करून द्या, शांत होईल. माणसांच्या बाबतीत हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दिला जातो आणि त्याचे निकाल आपण पाहतोच, तरीही मी तो ऐकला. साडेतीन इंचांचा, कपाळाला किंचित फुगवटा असलेला दुसरा झेब्रा मी पिशवीतून घरी आणला. दोन दिवस त्यांनी एकमेकांची तोंडे धरून ओढाओढ केली, शेपट्या हलवून एकमेकांवर पाण्याचे झोत मारले, आणि तिसऱ्या दिवशी दोघे मिळून कुल्हडाच्या तोंडाशी खडी उकरू लागले. मासा तोंडात एकेक खडा धरून चार बोटे लांब नेऊन टाकतो, परत येतो, पुन्हा एक खडा उचलतो. रात्री घर शांत झाले की तो खडा काचेवर पडल्याचा टक् असा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येत असे.

त्याच सुमारास सासूबाईंनी, ज्या दिवसातले चार तास टाकीसमोर आरामखुर्चीत बसतात, मला एक गोष्ट दाखवली. फौजदाराच्या पोटाच्या बाजूला नारिंगी, जवळजवळ तांब्याच्या रंगाची झाक होती आणि नव्या माशाला ती मुळीच नव्हती. पुष्कळ माशांत नर रंगीत आणि मादी फिकी असते; या जातीत ते उलटे आहे, पोटावरचा हा नारिंगी रंग मादीचा. आमचा फौजदार ही फौजदारीण होती. सासूबाईंना याचे जराही नवल वाटले नाही.

अंडी एका रात्रीत घातली गेली. टॉर्च लावून पाहिले तेव्हा कुल्हडाच्या आतल्या छताला मोहरीहून थोडे लहान, मातकट रंगाचे दीड-दोनशे दाणे ओळीओळीने चिकटलेले होते आणि मादी छातीजवळचे पर सारखे हलवून त्यांच्यावर पाणी घालत होती. तिचे पट्टे आता काजळासारखे काळे झाले होते. नर बाहेर होता, आणि बाहेर म्हणजे तीन फुटांच्या टाकीतील जवळजवळ दोन फूट. उरलेल्या एका फुटात दोन एंजल, तीन गोरामी आणि सहा टेट्रा दाटीवाटीने उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आले तेव्हा एक गोरामी तळाशी मरून पडलेला होता. तो मी बाहेर काढला तेव्हा त्याच्या अंगावर एकही मोठी जखम नव्हती. डोळे स्वच्छ होते, पर मात्र कडेने झिजलेले. तो चावल्यामुळे मेला नाही, पळून पळून मेला.

या गोरामीने मला जे दाखवले ते कोणत्याही सल्ल्यात नव्हते. ओढ्यात असताना झेब्रा आपल्या कपारीजवळ आलेल्या माशावर धावून जातो, तो मासा पळतो, हात-दीड हात गेला की दृष्टीआड होतो आणि प्रकरण तेथे मिटते. पाठलाग मिटण्यासाठी पळणाऱ्याला नाहीसे व्हावे लागते. माझ्या टाकीत पळणारा जास्तीत जास्त तीन फूट जाई, काचेवर आपटे आणि वळला की पुन्हा पाठलाग करणाऱ्याच्या समोरच येई. मादीच्या दृष्टीने पाहिले तर तोच उपद्रवी मासा हाकलूनही दिवसातून शंभर वेळा तिच्या दारात येत होता. आम्ही ज्याला इतके महिने फौजदारी समजत होतो तो मुळात दिवाणी दावा होता, जागेचा.

माशाला समोर काय दिसते यावर त्याचे धावून जाणे किती अवलंबून असते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाचे आहे, ज्यांना 1973 साली कॉनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या प्रयोगशाळेतील टाक्या खिडकीशी होत्या आणि त्यातील स्टिकलबॅक जातीचे नर मासे, ज्यांचे पोट विणीच्या दिवसांत लाल होते, रस्त्यावरून टपालाची लाल गाडी गेली तरी तिला प्रतिस्पर्धी समजून तिच्या दिशेने तुटून पडत. आमच्या टाकीतही असे काही होत होते. संध्याकाळी खोलीतला दिवा मालवून फक्त टाकीतला दिवा चालू ठेवला की बाजूच्या काचेत माशाचे प्रतिबिंब दिसते, आणि नर त्या प्रतिबिंबाशी अर्धा अर्धा तास झुंजत असे. मी त्या काचेला बाहेरून जुन्या खाकी लिफाफ्याचा कागद चिकटवला. प्रतिबिंबाशी झुंज थांबली. या सगळ्या प्रकरणात पहिल्या फटक्यात यशस्वी झालेला माझा हा एकमेव उपाय.

मोठा उपाय म्हणजे टाकीची वाटणी. बाजारात तयार आडपडदे मिळतात, पण माझ्या टाकीच्या रुंदीचा मिळेना. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून प्लॅस्टिकची ताठ जाळी आणली, ती टाकीच्या आतल्या मापाने कापली आणि ती उभी धरून ठेवण्यासाठी कार्यालयातील पातळ फायलींना लावतात त्या प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्या वापरल्या; दोन पट्ट्या समोरासमोरच्या काचांना आतून सिलिकॉनने चिकटवायच्या आणि त्यांच्या खाचेत जाळी वरून सरकवायची. सिलिकॉन पाण्यात चिकटत नाही, त्यामुळे त्यासाठी पाणी निम्म्याखाली उतरवून, काच कोरडी करून, ते सुकेपर्यंत दीड दिवस सगळ्यांना कमी पाण्यात ठेवावे लागले. मी आणलेले सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेले होते. हे ट्यूबवर वाचून घ्यावे, कारण स्नानगृहासाठीच्या सिलिकॉनमध्ये ते औषध असते आणि माशांना ते घातक ठरते.

जखमी एंजलला मात्र मी टाकीत ठेवले नाही. त्याला टबात घेऊन लिटरमागे एक ग्रॅम या हिशेबाने खडे मीठ विरघळवले, रोज पाव भाग पाणी बदलले. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. हे पाणी इंदूरला 1978 पासून मिळू लागले, तिकडे मंडलेश्वरजवळच्या जलूदहून घाट चढवून येथवर आणले जाते, आणि शहराची तहान मुख्यतः त्यावर भागते. पण नळातून येते तेव्हा त्यात क्लोरीन असते, जे माशांच्या कल्ल्यांना भाजते आणि उघड्या जखमेला मुळीच मानवत नाही. म्हणून बादली आदल्या दिवशी भरून ठेवायची आणि वर क्लोरीन मारणाऱ्या हायपोचे दोन खडे टाकायचे, हे मी नेमाने केले. परांचे एक बरे असते, मुळाशी इजा नसेल तर ते परत येतात. तिसऱ्या आठवड्यात फाटलेल्या शेपटीच्या कडेला पारदर्शक, पाण्यात धड दिसतही नाही अशी नवी किनार फुटलेली दिसली. मुळापासून गेलेला तो लांब दोरा मात्र अजून आलेला नाही.

इकडे जाळीपलीकडे तीन दिवसांत अंडी फुटली, पिले आधी खड्ड्यात वळवळत पडून राहिली आणि पुढच्या पाच-सहा दिवसांत पोहू लागली. तेव्हा माझ्या लक्षात आले की जाळीची भोके मोठ्या माशांच्या मापाने पाहिलेली होती. पिले जाळीतून सहज पलीकडे जात, टेट्रा त्यांची वाटच पाहत असत, आणि आईबाप जाळीवर तोंड आपटत. मादी दाणा तोंडात चघळून त्याचा भुगा पिलांच्या घोळक्यावर फुंकते, हे मी दोन हातांवरून पाहिले आहे. तीच मादी त्याच तोंडाने जाळीवर इतकी आपटली की तिच्या ओठाला पांढरा व्रण पडला. आम्ही एका संध्याकाळी सासूबाईंची जुनी मलमलची ओढणी जाळीवर शिवली. चाळीसेक पिले उरली.

त्यांचे काय करायचे, हा पुढचा प्रश्न. दुकानदार घेईनात, कारण या जातीची पिले ज्याच्या त्याच्याकडे होतात. कॉलनीतल्या एका काकूंनी सुचवले की सिरपूरच्या तलावात सोडून द्या, पुण्य लागेल. हा सल्ला मी या सगळ्यांत सर्वांत वाईट मानते. सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही तलावांना 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले ते तेथील पक्ष्यांसाठी आणि पाणथळ जीवसृष्टीसाठी. तेथे मध्य अमेरिकेतला, वर्षात अनेकदा अंडी घालणारा आणि आपल्या हद्दीतून इतर सगळ्यांना हुसकावणारा मासा सोडणे म्हणजे माझ्या टाकीतले भांडण सार्वजनिक करणे. ऑस्ट्रेलियात एका वीजकेंद्राच्या कोमट पाण्याच्या तलावात हाच मासा असा रुजला होता, आणि आपल्याकडे 1952 मध्ये आणलेल्या आणि सगळीकडे पसरलेल्या तिलापिया या परदेशी माशाची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे.

वाट कार्यालयात निघाली. माझ्या एका सहकाऱ्याकडे पाच फुटांची टाकी आहे, तीत ऑस्कर हे मोठे, लहान मासे गिळणारे मासे आहेत आणि दहा-बारा मोठे डॅनिओ. हे डॅनिओ आपल्याच देशातल्या ओढ्यांतले, इतके चपळ की भांडखोर मासा त्यांच्यामागे धावतो, हाती काही लागत नाही आणि त्याचा जोर त्यातच जिरतो. माझी हकीकत ऐकून तो म्हणाला होता, "मॅडम, मछली में खोट नहीं है, टंकी छोटी है." तेव्हा मला राग आला होता. नर त्याने नेला, पिलेही नेली. नर तेथे एका कोपऱ्यात आपली जागा करून सुखाने आहे. पिलांचे ऑस्करांच्या शेजारात काय झाले असेल, ते मी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

फौजदारिणीसाठी मी दोन फुटांची, पन्नासेक लिटरची वेगळी टाकी घेतली आणि ती सासूबाईंच्या खोलीत त्यांच्या खाटेसमोर ठेवली. तीत ती एकटी आहे, सोबत तेच कुल्हड. मोठ्या टाकीत आता दोन एंजल, दोन गोरामी, टेट्रा आणि सकर आहेत. जाळी काढली, फायलींच्या पट्ट्या काचेला तशाच आहेत, कारण त्या आता निघत नाहीत. चिरंजीव सुट्टीत आले तेव्हा त्यांनी त्या पट्ट्यांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आई, याला जमाखर्चाची वहीसुद्धा लावली असतीस."

मे महिन्यात उन्हाने टाकीचे पाणी 31 अंशांवर गेले तेव्हा मी दोन्ही टाक्यांची झाकणे काढून वर लहान पंखे लावले. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासेही अधिक चिडखोर होतात, त्यामुळे ही काळजी घ्यावी लागते. त्याच आठवड्यात फौजदारीण पुन्हा काजळासारखी काळी झाली. सकाळी पाहिले तर कुल्हडाच्या छताला पुन्हा तीच दाण्यांची रांग. नर नसतानाही या माद्या अंडी घालतात. त्यातून काही निघत नाही, दोन-तीन दिवसांत ती पांढरी पडतात, त्यांवर बुरशी धरते आणि मादी स्वतःच ती खाऊन टाकते. पाणी खराब होऊ नये म्हणून मी कुल्हड काढायला हात घातला, तर ती माझ्या बोटाला येऊन धडकली. चावा कसला, कपड्याला लावायच्या चिमट्याने धरावे तेवढेच.

"राहू दे चार दिवस," सासूबाई खाटेवरून म्हणाल्या. "तिला काय ठाऊक." मी हात पुसला आणि कुल्हड तेथेच ठेवले.